इथंच तर जायचंय

गुढीपाडव्याला गिरगावात स्वागतयात्रा निघते आणि नऊवारी नेसून बुलेटवर स्वार झालेल्या बायकांचे फोटो तासाभरात जगभर पोचतात. नथ, चंद्रकोर, काळा गॉगल आणि डोक्यावर झोकात बांधलेला फेटा. (अशा यात्रांची प्रथा डोंबिवलीकरांनी १९९९ साली पाडली, हे गिरगावात फार मोठ्याने बोलू नये. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तेव्हापासून पहिलेपणाचा मक्ता आपल्याकडे आहे, असा इथे सार्वत्रिक समज आहे.)

आता रसभंगच करायचा, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ काढावं. दुचाकीवर बसलेल्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाने हेल्मेट घातलं पाहिजे, मग तो पुढे बसलेला असो की मागे. सूट आहे ती पगडी बांधलेल्या शीख माणसाला. फेट्याचा उल्लेख नाही. पुणेरी पगडीचाही नाही, त्यामुळे अन्याय झाला असलाच तर तो पुण्यावरही झालाय, एवढंच समाधान.

खरं म्हणजे त्या सकाळी फेट्यांना काही भीती नसते. सगळ्यात पुढे लेझीम, मागे ढोल-ताशा, मग पालखी, आणि या सगळ्यांच्या मागून बुलेट चालते ती नुसती रांगत. क्लच धरून धरून मनगट दुखतं, एवढीच काय ती इजा. काळजी दुसऱ्या दिवसाची. फेटा उतरतो आणि त्याच्या जागी काहीच चढत नाही. हेल्मेट नसतं असं नाही. घराघरात असतं. दारामागच्या खुंटीला छत्रीशेजारी असतं, स्कूटरच्या आरशावर असतं, आणि हवालदार दिसण्याची शक्यता असेल त्या दिवशी कोपरात अडकवलेलं असतं. मुंबईकराच्या अंगातला सर्वांत सुरक्षित अवयव कोपर असावा. २०२२ च्या जूनपासून मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटवरही पोलिसांनी नजर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा नवऱ्यांची पंचाईत झाली. एका घरात दोन कोपरं, आणि हेल्मेट एक. 'अहो, ते डोक्यात घाला की' असं कोणी म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: 'इथंच तर जायचंय.'

गिरगावात अंतर किलोमीटरमध्ये कोणी मोजत नाही. मुगभाटातून ठाकूरद्वार इथंच. प्रार्थना समाज इथंच. चौपाटी तर इथंच्याही अलीकडे, कारण ती घरचीच. बायकोचं माहेर दादरला असेल तर दादरही इथंच, निदान बायकोच्या मते. हेल्मेट घालायचं ते लांब जाताना. लांब म्हणजे कुठे, तर जिथे मुक्काम पडतो तिथे. आणि मुक्कामाला कोणी स्कूटरने जात नाही. त्यामुळे हेल्मेट घालण्याचा योगच येत नाही, आणि यात कोणाचा दोषही काढता येत नाही.

खोटं कशाला बोला, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या जमूनही गेला. कारण गिरगावात वेग घ्यायचा म्हटला तरी घेता येत नव्हता. डाव्या बाजूला हातगाडी, उजव्या बाजूला केळीची पाटी, मधोमध टॅक्सी उलटी घेणारा ड्रायव्हर आणि त्याला मार्गदर्शन करणारे चौघे, 'आने दो, आने दो' म्हणणारे, पण कोणत्या बाजूला ते न सांगणारे. फुटपाथवर दुकान, दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक, म्हणून माणसं रस्त्यावर. ट्राम होती तेव्हा चालत्या ट्राममधून रुबाबात उतरणारे आजोबा बहुतेक चाळींत असत. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. आजोबांची सवय सुरू राहिली. बसमधून तसंच उतरायला जाऊन पडले ते हेच आजोबा, आणि आयुष्यभर दोष देत राहिले तो बसला.

मग मेट्रो-३ चं काम आलं. रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे राहिले आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून सगळ्यांनी जायचं ठरलं. गाड्या इतक्या हळू सरकायच्या, की माणसाने मागच्या दाराने उतरून वडापाव घ्यावा, चटणीवरून वाद घालावा आणि पुढच्या दाराने त्याच गाडीत बसावं. लोक तेव्हा शिव्या घालत. पण लेकरंबाळं घेऊन रस्ता ओलांडायला त्याच्याइतके निर्धास्त दिवस पुन्हा यायचे नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगाव स्थानक सुरू झालं. पत्रे हटत गेले, तसतशी गाड्यांना आपल्याला चौथा गिअरही आहे याची आठवण होऊ लागली. तिकडे चौपाटीच्या पोटातून तर सागरी किनारा मार्गाचे दोन किलोमीटरचे बोगदेच गेलेत. वर माणूस शेवपुरी खातोय आणि त्याच्या पायाखालून मोटारी ताशी साठच्या मर्यादेत, म्हणजे मर्यादा पाळणाऱ्या तेवढ्या साठने, सुसाट चालल्यात.

रस्ता ओलांडायची आमची पद्धत मात्र जुनीच आहे. हात पुढे करायचा. तळवा समोर, बोटं जुळलेली, चेहरा दुसरीकडे. चेहरा दुसरीकडे हे महत्त्वाचं. ड्रायव्हरशी नजरानजर झाली की त्याला वाटतं, यांनी आपल्याला पाहिलंय, म्हणजे हेच थांबतील. न पाहता हात केला की समोरून बेस्टची बस येत असली तरी थांबते. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात नाही, पण गिरगावातलं पाच वर्षांचं पोर आजीच्या बोटाला धरून ते शिकतं. झेब्रा क्रॉसिंग इंग्लंडातल्या स्लाव नावाच्या गावी १९५१ साली पहिल्यांदा रंगवलं गेलं. आमच्याकडे ते आलं, पण टॅक्सीने नेमकं कुठे उभं राहायचं हे दाखवण्यासाठी ते पट्टे आहेत, असा सर्वांनी अर्थ लावला. दादरला २०२० साली सिग्नलच्या दिव्यातल्या चालणाऱ्या पुरुषाच्या जागी फ्रॉकमधली बाई आली. चांगलं झालं. फक्त ती हिरव्या दिव्यालाच चालते आणि लालला थांबते, यावरून ती दादरची नसावी. दादरची बाई दोन्ही हातांत फुलबाजाराच्या पिशव्या घेऊन निघाली की दिव्याचा रंग पाहून तिच्या वेगात फरक पडल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

पण नव्या गाड्यांचे नवे चालक हाताला ओळखत नाहीत. मोबाइलवरचा नकाशा बघत येणारा मुलगा हाताकडे बघणार कधी? आणि हात करणाऱ्याचं डोकं पूर्वीप्रमाणे दुसरीकडेच. दोघेही एकमेकांकडे न बघता भेटतात.

हॉर्नची कथा वेगळी. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला एक गंमत दाखवली होती. काही सिग्नलांना आवाज मोजायचं यंत्र जोडलं, त्यातला एक सिग्नल मरीन ड्राइव्हला. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे. भोंगा वाजवा आणि आणखी थांबा. अशा वेळी वाजवणाऱ्याला गप्प करण्यासाठी मागचे पन्नास जण हॉर्न वाजवणार, हे यंत्र बनवणाऱ्याच्या लक्षात आलं असेल की नाही कोण जाणे. त्यातून दुचाकीचा हॉर्न आमच्याकडे बऱ्याचदा चालक वाजवतच नाही. तो वाजवतो पुढे उभा असलेला तीन वर्षांचा चिरंजीव.

या चिरंजिवांवर थोडं थांबलं पाहिजे. सकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही वाडीच्या तोंडाशी उभं राहा. बाबा स्कूटर चालवतायत. त्यांच्या दोन पायांमध्ये धाकटा उभा, दोन्ही आरशांना धरून, म्हणजे बाबांना मागचं काही दिसायची सोय नाही. मागे आई, आई आणि बाबांच्या मध्ये थोरली, थोरलीच्या पाठीवर दप्तर, आईच्या खांद्याला दोन पाण्याच्या बाटल्या. थोरली मधल्या मध्ये झोपलेली असते, पण पडत नाही, कारण पडायला जागा नसते. चौघांत हेल्मेट एक, बाबांच्या डोक्यावर. म्हणजे घरात ज्याचं डोकं सर्वांत टणक, त्याचीच काळजी घेतलेली.

यासाठी केंद्राचा नियम आहे, १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, मूल चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधणारा पट्टा हवा, आणि गाडी ताशी चाळीसच्या वर न्यायची नाही. हा नियम वाडीतल्या एका आजींना वाचून दाखवला, तेव्हा त्यांना पहिल्या दोन गोष्टी पटल्या नाहीत आणि तिसरीचं हसू आलं. 'चाळीस? अरे, चाळीसने कोण जातंय इथं?'

या आजी म्हणजे तिसऱ्या मजल्याची गॅलरी. चौकाचौकात कॅमेरे बसायच्या कितीतरी आधीपासून ही यंत्रणा चालू आहे आणि तिला वीज लागत नाही. गायवाडीच्या नाक्यावरून तुमचा मुलगा ट्रिपल सीट गेला, मधल्याने पाय कसे फाकवले होते, आणि मागचा कोण होता ('तो शेंबडा, त्याच्या आईला सांगायला हवं'), हे सगळं तुम्ही जिना चढून वर येईपर्यंत चार घरांत पोचलेलं असतं. सरकारी चलन मोबाइलवर येतं आणि दुर्लक्षिता येतं. हे चलन पाणी भरायच्या वेळी येतं, सर्वांदेखत.

याच आजी लहान मुलांच्या बाबतीत कडक. चाळीत मूल रांगायला लागलं की पहिली गोष्ट काय होते? गॅलरीच्या कठड्याला फळी लागते. फळी नसेल तर जाळी, जाळी नसेल तर जुन्या साडीचा पट्टा, काहीतरी बांधलं जातंच. कठड्याजवळ पाट ठेवलेला कुणाच्या दृष्टीस पडला, तर सगळा मजला ओरडतो. आपल्याच नव्हे, कोणाच्याही पोराने कठड्यावर पोट टेकवलं की ज्याच्या हाताला तो लागेल त्याने त्याला मागे ओढायचं आणि एक धपाटा द्यायचा, आणि त्याबद्दल त्याच्या आईने आभार मानायचे, असा अलिखित करार आहे. 'इथंच तर उभा आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

वाडीतल्याच एका मुलीने, विज्ञानाच्या शिक्षिका आहेत बाई, एकदा आजींना सरळ हिशेब मांडून दाखवला. गाडी ताशी चाळीसने जात असताना एकदम आदळून थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा दणका हा साधारण सव्वासहा मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो. चाळीच्या हिशेबात दुसरा मजला. पन्नासला तो होतो पावणेदहा मीटर, म्हणजे ही आपली तिसऱ्या मजल्याची गॅलरी. शंभरला एकोणचाळीस मीटरच्या आसपास, म्हणजे चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरचा बारावा मजला. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, हे त्यातलं खरं कपट. आजी बराच वेळ कठड्यावरून खाली बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'म्हणजे त्या पोराला तो फळी न लावता उभा करतो रोज?'

त्या दिवसापासून वाडीतली परिस्थिती बिघडली.

पहिला बळी गेला तो चौदा वर्षांच्या मुलाला 'फक्त वाडीच्या तोंडापर्यंत' स्कूटर काढू देणाऱ्या वडिलांचा. आजींनी कुठून तरी कलम १९९-अ मिळवलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. वडील कैदेला फारसे घाबरले नाहीत. पंचवीस हजारांना थोडे घाबरले. पण पंचविशीपर्यंत लायसन नाही म्हणजे तोवर सगळीकडे बापाने सोडायला जायचं, हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी स्कूटरची किल्ली देव्हाऱ्यात ठेवली.

चारचाकीचं प्रकरण गणपतीत उघडं पडतं. गिरगावातल्या निम्म्या लोकांचं गाव कोकणात, आणि तिकिटं नेहमी दुसऱ्याला मिळालेली. मग गाडी ठरवायची. सात जणांच्या गाडीत नऊ मोठे आणि 'मुलं काय, मांडीवर'. मुलं काय मांडीवर, या तीन शब्दांत कोकणचा अख्खा प्रवास बसवलेला आहे. आता दहा किलोचं मूल आत्याच्या मांडीवर आहे आणि गाडी पन्नासवरून अर्ध्या मीटरात थांबली, तर त्या क्षणी आत्याच्या हातात दहा किलो राहत नाहीत, दोनशे होतात. आत्या एरवी दोन किलोची भाजीची पिशवी जिन्यावर खाली ठेवून दम घेते. पुढच्या सीटवर आजोबांच्या मांडीवर बाळ, हा तर मानाचा प्रकार. त्यांच्यासमोरच्या कप्प्यात एअरबॅग असते आणि ती ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने बाहेर येते, हे आजोबांना सांगितलं तर ते म्हणतात, 'मी हात धरीन.'

स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमाराला लहान मुलांसाठी मागे तोंड करून बसायची खुर्ची बनवली. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर झोपलेले असतात, तो दणका सगळ्या पाठीला मिळून बसतो, हे पाहून त्यांना ते सुचलं. आमच्याकडे अशी खुर्ची कोणी आणली तर पहिला प्रश्न येतो: 'पण मग त्याला समोरचं कसं दिसणार?' जसं काही वडखळ नाक्यावर रस्ता त्यालाच विचारायचाय.

पट्ट्याबद्दल गंमत करायचं खरं तर जिवावर येतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. १ नोव्हेंबरपासून मुंबईत मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा झाला. नियम आधीपासूनच होता, आठवण नव्हती. त्याच २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. रोजची साडेचारशेहून जास्त. आणि त्याच देशात पट्टा न लावल्यावर गाडी करते ती पीप-पीप बंद करण्यासाठी नुसती खोटी कडी विकत मिळत होती. कडी खाचेत घालायची, गाडी फसते, आपण मोकळे. २०२३ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना अशा तेरा हजारांहून अधिक जाहिराती काढायला लावल्या. पैसे देऊन स्वतःच्या गाडीला फसवणारा ग्राहक आणि त्याचं संरक्षण करायला बसलेलं सरकार, या जोडीवर कोणीतरी नाटक लिहावं. साहित्य संघात लागेल.

तर आजी या वर्षी गावाला निघाल्या. आदल्या रात्री त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. 'जेवलास का?' हे गिरगावात सगळे विचारतात. आजींनी विचारलं, 'झोपलास का?' तो दिवसभर विमानतळाच्या फेऱ्या मारून आला होता. आजींनी निघायची वेळ पहाटे तीनवरून सहावर नेली, घरच्यांनी केलेल्या आरड्याओरड्याकडे लक्ष न देता. त्या नऊ जणांतल्या दोघांना एसटीने पाठवलं. ते दोघे अजून बोलत नाहीत.

सकाळी पट्टे शोधायचा कार्यक्रम झाला. मागचे पट्टे सीट-कव्हरच्या खाली शिवून टाकलेले असतात, हे तेव्हा कळलं. कात्री आली, कव्हर उसवलं. आतून एक खडीसाखरेचा पुडा, बेस्टचं जुनं तिकीट आणि तीन कड्या निघाल्या, पण पट्टा आणि कडी यांची जोडी जुळेना. आत्याची कडी काकांच्या खाचेत गेली आणि दोघे गुणाकाराच्या चिन्हासारखे बसले. मागच्या काचेपाशी ठेवलेली पितळी समई आजींनी खाली सामानात बांधून घ्यायला लावली. ('पाच किलोची आहे. पन्नासला किती होते गं?' 'शंभर, आजी.' 'बघ.') छोट्याला खुर्चीत बसवलं, तोंड मागे करून. तो आजीकडे बघून खूश झाला. समोरचं दिसत नाही अशी तक्रार त्याने केली नाही, ती त्याच्या आजोबांनी केली.

सगळे बांधले गेले. अटल सेतूवर शंभरची मर्यादा आहे, ऐंशीने घे, एवढं ड्रायव्हरला सांगून झालं. दर दोन तासांनी थांबायचं हेही ठरलं, आणि त्यात पहिला थांबा पेणला पोह्यांसाठी, यावर पहिल्यांदाच एकमत झालं. आणि गाडी जागची हलेना, कारण वाडीच्या तोंडाशी कोणीतरी स्कूटर आडवी लावून ठेवली होती.

हाका गेल्या. दुसऱ्या मजल्यावरून लुंगी-बनियनमध्ये एक गृहस्थ डोळे चोळत उतरले, दात घासायचा ब्रश तोंडात. 'सॉरी, सॉरी,' म्हणत त्यांनी किल्ली लावली, पाय टाकला आणि स्कूटर सुरू केली.

आजींनी काच खाली केली. पट्टा लावलेला असल्याने त्यांना फार पुढे वाकता आलं नाही.

'हेल्मेट?'

'आजी, चार पावलं घ्यायचीय फक्त. त्या खांबापर्यंत.'

'मग ढकलत ने.'

गृहस्थांनी तोंडातला ब्रश काढला, गॅलरीत जमलेल्या लोकांकडे एकदा पाहिलं, स्कूटर बंद केली आणि ढकलायला लागले.